दहा पौंडांची ट्राम



आपल्या या पानावर वाड्यांच्या, देवळांच्या, नाटकमंडळींच्या आणि गणेशोत्सवाच्या पुष्कळ आठवणी येऊन गेल्या. आज जरा रुळांवरची हकिकत सांगतो. हकिकत बरीचशी इंग्लंडातली आहे, पण तिचं एक टोक मुंबईत आहे आणि दुसरं आपल्या ग्वाल्हेरात. लांबण लागेल, पण निवांत वाचा.

सुरुवात १९६४ सालापासून करू. त्या वर्षी ३१ मार्चच्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिला निरोप द्यायला माणसांची गर्दी होती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली, १९२० मध्ये दुमजली आली, आणि नव्वद वर्षांनी सगळा कारभार आटोपला. आपल्यापैकी ज्यांची आत्या नाहीतर मामा मुंबईला, ते सुट्टीत तिकडे गेले की ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून आलेले. आजही मुंबईचा माणूस ‘दादर टी.टी.’ म्हणतो, पण त्यातला पहिला ‘टी’ ट्रामचा आणि दुसरा टर्मिनसचा, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. ‘बेस्ट’ या नावातला ‘टी’सुद्धा मुळात ट्रामवेजचाच. पुढे १९४७ मध्ये कंपनी नगरपालिकेकडे आली तेव्हा तो ट्रान्सपोर्टचा झाला. गाडी गेली, अक्षरं राहिली.

आता गंमत बघा. त्याच १९६४ साली इंग्लंडमध्ये, डर्बीशायर परगण्यातल्या क्राइच नावाच्या खेड्याजवळ, चुनखडीच्या एका जुन्या खाणीत विजेची ट्राम पहिल्यांदाच धावू लागली. ती कुठल्या कंपनीने सुरू केली नव्हती, सरकारनेही नाही. सुट्टीच्या दिवशी जमून फावड्याने रूळ अंथरणाऱ्या हौशी मंडळींनी ती चालू केली होती. एका ठिकाणी ट्रामचा शेवट आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा पुनर्जन्म, दोन्ही एकाच वर्षात.

ही मंडळी तिथवर कशी पोचली ते ऐकण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातली शहरं एकामागून एक ट्राम बंद करत सुटली होती. कारणं मुंबईत पुढे दिली गेली तीच. रूळ झिजलेले, गाड्या जुन्या, दोन्हींवर खर्च करायला पैसा नाही. मोटारी वाढलेल्या, आणि ट्राम रस्त्याच्या मधोमध चालणार, बाजूला वळवता येणार नाही, म्हणून वाहतुकीला अडथळा. बसला रूळ लागत नाही, वरची तार लागत नाही. हिशोबाच्या वहीत बस स्वस्त दिसत होती.

ऑगस्ट १९४८ मध्ये ट्रामच्या शौकिनांचं एक टोळकं साउथॅम्प्टन या बंदराच्या गावी गेलं. तिथल्या ट्राम आता बंद व्हायच्या होत्या, म्हणून अखेरचा फेरफटका मारायला. ज्या गाडीतून ते फिरले ती ४५ नंबरची, १९०३ साली बांधलेली, वरचा मजला उघडा असलेली. त्या गावात बारगेट नावाची एक मध्ययुगीन वेस आहे आणि ट्राम तिच्या कमानीखालून जायची. म्हणून गाडीची उंची कमी ठेवलेली, आणि वर लोक मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आपल्याकडे हत्तीचा हौदा जाईल अशा उंच वेशी बांधल्या. तिथे उलट वेशीच्या मापाने गाडी बेतावी लागली.

फेरफटका संपता संपता कळलं, की ही गाडी भंगारात जाणार. किंमत दहा पौंड. तेव्हाच्या दराने आपले साधारण १३३ रुपये. मंडळींनी आपापसात वर्गणी काढली आणि गाडी विकत घेतली. ठेवायची कुठे, ओढून न्यायची कशी, याचा काही विचार झालेला नव्हता. पुढची दहा-बारा वर्षं ती गाडी आज इथे, उद्या तिथे, अशी आश्रिताप्रमाणे राहिली.

पण एक गोष्ट झाली. एक गाडी विकत घेता येते, हे लोकांना कळलं. आणखी शहरांच्या आणखी गाड्या मागे लागल्या. १९५५ मध्ये त्यांनी रीतसर संस्था काढली, ‘ट्रामवे म्युझियम सोसायटी’. नावात म्युझियम, पण जागेचा पत्ता नाही.

जागा मिळाली ती अशी. क्राइचच्या खाणीतून चुनखडी खाली भट्ट्यांपर्यंत नेण्यासाठी एक छोटी रेल्वे होती. रेल्वेचे जनक म्हणून आपण शाळेत ज्यांचं नाव शिकलो त्या जॉर्ज स्टीफन्सननी ती उभारली होती. ती बंद पडल्यावर तिचे रूळ उखडून न्यायला वेल्समधल्या टॅलिथलिन रेल्वेचे स्वयंसेवक यायचे. ही टॅलिथलिन म्हणजे जगातली पहिली रेल्वे, जी बंद पडायच्या बेतात असताना १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. त्यांच्याकडून ट्रामवाल्यांना या खाणीची खबर लागली. १९५९ मध्ये ट्रामवाल्यांनी जागा भाड्याने घेतली. म्हणजे एका वेड्याने दुसऱ्या वेड्याला घर दाखवलं.

जागा कसली, चिखल आणि दगड. शहरं रस्त्यांतले रूळ उपसत होती, तेच रूळ आणि तेच फरसबंदीचे दगड यांनी मागून, विकत घेऊन आणले. आठवडाभर कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात कामाला, आणि शनिवार-रविवारी खाणीत. १९६३ मध्ये शेफील्ड शहराची एक जुनी ट्राम घोडा जुंपून चालवली. वर्षभरात खांब उभे राहिले, तार ओढली, आणि १९६४ मध्ये विजेवर गाडी चालली.

ही घाई कशासाठी होती हे समजायला बाकीच्या गाड्यांचं काय झालं ते बघावं लागेल. लंडनची शेवटची ट्राम जुलै १९५२ मध्ये धावली. तिथे चार्ल्टन भागात एक मोकळं आवार होतं. गाड्या तिथे न्यायच्या, कामाचं लोखंड-पितळ काढायचं आणि लाकडी सांगाडा पेटवून द्यायचा. लोकांनी त्या जागेला स्मशानाच्या चालीवर ‘ट्रामॅटोरियम’ असं नाव पाडलं. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६१ मध्ये ट्राम बंद झाली. तिथेही रँडविकच्या कारखान्यात गाड्यांच्या गाड्या जाळल्या. ग्लासगोत सप्टेंबर १९६२ मध्ये निरोपाच्या मिरवणुकीला पावसात अडीच लाख माणसं रस्त्यावर आली म्हणतात. पण अडीच लाख लोक रडले म्हणून गाडी वाचत नाही. गाडी त्या आठवड्यात कोणी पैसे भरून उचलली, तर वाचते. निरोपाचा दिवस आणि भंगारवाल्याचा ट्रक यांच्यामध्ये जेमतेम काही आठवडे असतात. क्राइचच्या लोकांनी ते आठवडे पकडले. आज तिथे साठाहून अधिक ट्राम आहेत.

सगळ्या अशा धडधाकट मिळाल्या नाहीत हो. कित्येक गाड्यांचे नुसते सांगाडे मिळाले. ट्राम मोडीत निघाली की चाकं-मोटारी काढून वरचा लाकडी डबा शेतकऱ्यांना, बागायतदारांना विकून टाकत. मग तो कुणाकडे कोंबड्यांचं खुराडं, कुणाकडे अवजारांची खोली, कुणी तर त्यातच संसार थाटलेला. चाळीस-पन्नास वर्षांनी घर पाडायला घेतलं की आतून ट्रामच्या खिडक्या निघायच्या. आपल्याकडे जुन्या वाड्याची भिंत फोडताना आत दिवळी सापडते ना, तसंच.

असा डबा हाती आला की पुढचं काम वर्षानुवर्षांचं. पहिलं काम बघण्याचं. फोटो, जुने नकाशे, कारखान्याची रेखाटनं गोळा करायची. रंगाचे थर एकेक करून खरवडायचे, म्हणजे कोणत्या साली गाडी कोणत्या रंगाची होती ते कळतं. मग लाकूड. सांगाडा ओक किंवा ॲशचा, बाकी कामात सागवान. पाणी मुरून सांध्यांशी कुजलेलं असतं. कुजलेला तेवढाच भाग कापून नव्या लाकडाचा जोड द्यायचा, आख्खा खांब बदलायचा नाही, हा शिरस्ता. मूळ लाकूड जितकं टिकेल तितकं टिकवायचं.

त्यानंतर खालचं काम. ज्या चौकटीवर चाकं आणि मोटार बसते तिला ट्रक म्हणतात. सांगाड्याबरोबर तो बहुधा नसतोच, मग दुसऱ्या एखाद्या शहराच्या, प्रसंगी दुसऱ्या देशाच्या, त्याच जातीच्या गाडीखालचा शोधून आणतात. प्रत्येक शहराच्या रुळांचं अंतरही वेगळं. ग्लासगोचं नेहमीच्या मापापेक्षा पाऊण इंच कमी, ब्रॅडफर्डचं तर फक्त चार फूट. एका रुळावर सगळ्या चालवायच्या तर चाकांचं अंतर बदलावं लागतं. चाकाच्या बाहेरची पोलादी पट्टी झिजली की नवी तापवून चढवतात. तापली की फुगते, चाकावर बसते, निवली की आवळून घट्ट होते. वाचताना तुमच्यापैकी गावाकडच्या लोकांना हसू आलं असेल. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, तीच ही रीत. विजेची गाडी असो की बैलाची, चाकाचा धर्म एकच.

मोटारीच्या तारांचं गुंडाळकाम नव्याने करायचं. चालकाच्या पुढ्यातल्या पितळी दांड्याच्या पेटीत, जिला कंट्रोलर म्हणतात, तांब्याचे संपर्क घासून-जुळवून बसवायचे. ब्रेक तपासायचे. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून पुढे वाळू सोडणारी पेटी असते, ती भरायची. पायाने वाजवायची घंटा, रुळावर माणूस आलाच तर त्याला चाकाखाली जाऊ न देणारी खालची फळी, वरच्या तारेला टेकणारा दांडा. शेवटी रंग, त्यावर पुन्हा घासकाम, पुन्हा रंग, हाताने काढलेले आकडे आणि वर व्हार्निश. एवढं होऊनही लगेच लोकांना बसवत नाहीत. आधी रिकाम्या गाडीच्या चाचण्या होतात.

आता एक खरं सांगायला हवं. हे सगळं नुसत्या हौसेवर चालतं असं नाही. क्राइचच्या कार्यशाळेत पगारी, कसलेले कारागीर आहेत आणि त्यांच्याबरोबर स्वयंसेवक राबतात. मोठ्या गाडीच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं देणग्या गोळा कराव्या लागतात. पण गाडी चालवणारा, तिकीट फाडणारा, लोकांना माहिती सांगणारा, ही बहुतेक स्वयंसेवक मंडळी. त्यांना रीतसर शिकवतात, परीक्षा घेतात, मगच दांड्याला हात लावू देतात.

आणि इथेच त्या लोकांच्यात एक जुना वाद आहे. जुनी ट्राम चालवावी की नुसती जपावी? चालवली की झिजते. झिजली की भाग बदलायचे, आणि दर पंचवीस-तीस वर्षांनी असे भाग बदलत गेलं तर मूळ गाडी उरली किती? दुसरी बाजू म्हणते, काचेमागे ठेवलेल्या ट्रामला बघून तिचा आवाज कळत नाही, वळणावरचा झोल कळत नाही, आणि मुख्य म्हणजे ती चालवायची आणि दुरुस्त करायची विद्या मरते. क्राइचने मधली वाट काढली. काही गाड्या फक्त प्रदर्शनात, मूळ अवस्थेत, हात न लावता. काही फिरत्या. फिरत्या गाड्यांमुळे नवी मुलं कंट्रोलर उघडायला, धाव चढवायला शिकतात. उद्या प्रदर्शनातल्या गाडीला कीड लागली तर ती ओळखणारा माणूस त्यांच्यातूनच मिळणार.

तिथला एक रिवाज मला फार आवडतो. आत जाताना तिकिटासोबत तुम्हाला एक जुनी पेनी देतात, चलनातून कधीच गेलेली. ट्राममध्ये बसल्यावर ती कंडक्टरला द्यायची आणि तो तिकीट फाडून देतो. मग दिवसभर कितीही फेऱ्या मारा. मैलभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या शहरांतून उचलून आणलेले दिवे, एक आख्खं पब, डर्बी शहरातल्या जळालेल्या सभागृहाचं दर्शनी अंग. ज्या गावाने जे टाकलं ते इथे येऊन पोचलं.

आणखी एक. ज्या शहरांनी ट्राम काढल्या त्यांतल्या काहींनी पुढे त्या परत आणल्या. मँचेस्टरने १९९२ मध्ये, शेफील्डने १९९४ मध्ये. शेफील्डने १९६० साली जी शेवटची म्हणून सजवून काढली होती, ती गाडी क्राइचला आहे. म्हणजे हिशोबाच्या वहीत ज्या गोष्टीवर काट मारली, ती तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा कोट्यवधी खर्चून उभी करावी लागली.

अशी मंडळी फक्त इंग्लंडात नाहीत. अमेरिकेत मेन राज्यात १९३९ सालीच काही तरुणांनी दीडशे डॉलरला एक उघडी ट्राम घेतली, त्यातून आज तिथलं ‘सीशोअर’ संग्रहालय झालं. आपल्या देशात कोलकात्याची ट्राम बाकी सगळीकडच्या बंद झाल्यावरही टिकली. १९९६ पासून मेलबर्न आणि कोलकाता इथले ट्रामप्रेमी, कंडक्टर आणि चित्रकार मिळून ‘ट्रामजात्रा’ नावाचा उत्सव करत आलेत.

आणि मुंबई? मुंबईकरांनी प्रेम कमी केलं असं मी म्हणणार नाही. पण चालणारी एकही जुनी ट्राम आज त्या शहरात नाही. अलीकडे फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम चालू असताना जुने रूळ वर आले, तेव्हा लोक मोबाइल घेऊन फोटो काढायला धावले. १९६४ मध्ये दहा-वीस जणांनी वर्गणी काढली असती तर, असा विचार मनात येतोच. पण तेव्हा आपल्या लोकांपुढे घर, रेशन, मुलांची फी असे प्रश्न होते. भंगारातली ट्राम घ्यायला पैसा लागतो, जागा लागते आणि सुट्टीचा रविवारही लागतो. हे सगळं प्रत्येकाला परवडतं असं नाही.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे येऊ. हे सगळं पुराण लावलं ते त्यासाठीच.

आपली छोटी गाडी. शिंदे सरकारांनी आणलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची. भिंड, शिवपुरी आणि श्योपुर अशा तीन दिशांना जायची. शिवपुरीची आधीच गेली, भिंडला मोठी लाइन झाली, राहिली ती श्योपुरची, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत जाणारी, जवळजवळ दोनशे किलोमीटर. टपावर माणसं बसलेली, सगळ्यांनी पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये ती थांबली ती थांबलीच. त्या जागी मोठी लाइन येते आहे, आणि ती यायलाच हवी. सबलगढच्या माणसाला दवाखान्यात वेळेवर पोचायचं असतं, आमच्या आठवणींसाठी त्याने का म्हणून हाल सोसावेत? वडोदऱ्याच्या मंडळींनाही हे नवं नाही. गायकवाडांच्या राज्यात १८६२ मध्ये डभोई-मियागाम लाइनवर आधी बैल जुंपून गाड्या ओढल्या, इंजिनं नंतर आली. तिकडच्याही छोट्या लायनी एकेक करत गेल्या.

जयविलासात जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. ती राहील, ती चांदीची आहे. लोखंडाच्या गाडीचं तसं नसतं.

इंजिन आणि डबे जपणं हे रेल्वेचं काम, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण क्राइचच्या लोकांकडून एक शिकता येतं. गाडी दुरुस्त करताना त्यांना सर्वांत जास्त उपयोग झाला तो जुन्या कामगारांच्या घरातल्या वह्यांचा, फोटोंचा आणि त्यांच्या सांगण्याचा. कोणता नट किती आवळायचा, कोणत्या वळणावर वाळू सोडायची, हे कुठल्याही नकाशावर नसतं. आपल्याकडे छोट्या गाडीवर काम केलेली माणसं अजून आहेत. फिटर, गार्ड, गॅंगमन, स्टेशनमास्तर. काही आपल्या मराठी घरांतली, बहुतेक इथलीच, हिंदी बोलणारी. त्यांतले पुष्कळ आता सत्तरी-ऐंशीतले. त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर बोलणं टिपून घ्या. हिंदीत बोलले तर हिंदीतच राहू द्या, भाषांतराची घाई नको. कुणाच्या घरी पासाची पुस्तकं, हातकंदील, पितळी बिल्ले, शिट्टी, टाइमटेबल असेल तर या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला देऊ नका. निदान फोटो काढून इथे टाका, खाली साल आणि स्टेशन लिहा.

साउथॅम्प्टनची ४५ नंबर अजून क्राइचला आहे. ज्यांनी दहा पौंड जमवले त्यांना त्या दिवशी पुढचं काही माहीत नव्हतं. त्यांनी त्या दिवशी जमेल तेवढं केलं. आपण आपल्या घरातल्या माळ्यावर काय आहे तेवढं तर बघू शकतो.

ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी जरूर लिहा. मुंबईच्या ट्राममध्ये बसलेल्या काका-मावश्यांनीही लिहावं, आम्ही वाट बघतो.